ओटो विख्तरले: मऊ कॉन्टॅक्ट लेन्सचा जनक आणि आपल्या डोळ्यांना मानवणारी लेन्स

कॉन्टॅक्ट लेन्स घ्यायची ठरवली की बहुतेक जण आधी कंपनी आणि किंमत विचारतात. लेन्स चांगली की वाईट हे मात्र त्यावरून ठरत नाही. एकाच कंपनीची, एकाच नंबरची लेन्स एकाला दिवसभर जाणवतही नाही आणि दुसऱ्याचे डोळे दोन तासांत लाल होतात. लेन्सने काय करावे हे शेवटी डोळाच ठरवतो.

ही गोष्ट नीट समजण्यासाठी ज्या माणसाने मऊ लेन्स बनवली त्याचे आयुष्य पाहणे उपयोगी पडते. तो डोळ्यांचा डॉक्टर नव्हता. तो रसायनशास्त्रज्ञ होता आणि त्याचे नाव ओटो विख्तरले. बुलढाणा जिल्ह्यातून शिक्षणासाठी पुण्याला किंवा संभाजीनगरला गेलेला विद्यार्थी आज सकाळी आरशासमोर जी मऊ लेन्स बोटावर घेतो, तिची सुरुवात या माणसाच्या स्वयंपाकघरातील टेबलावर झाली.

त्याच्या आधी काय होते?

डोळ्यावर थेट भिंग ठेवण्याची कल्पना जुनी आहे. १८८८ च्या सुमारास झुरिचमधील नेत्रतज्ज्ञ अडॉल्फ फिक यांनी काचेच्या वाट्या बनवून त्या डोळ्यावर बसवल्या. त्या डोळ्याच्या पांढऱ्या भागावर टेकत. जड होत्या आणि काही तासांपलीकडे कोणी त्या सहन करू शकत नसे. १९३० नंतर काचेच्या जागी अ‍ॅक्रिलिक प्लास्टिक आले. १९४८ साली अमेरिकेतील केविन टुओही यांनी फक्त बुबुळापुरती लहान प्लास्टिकची लेन्स तयार केली. ही लेन्स हलकी होती, पण कडक होती.

तिच्यात एक मोठा दोष होता. आपल्या बुबुळावर काचेसारखा पारदर्शक पडदा असतो, त्याला कॉर्निया म्हणतात. तो पारदर्शक राहावा म्हणून त्याच्यात रक्तवाहिन्या नसतात. मग त्याला ऑक्सिजन मिळतो कुठून? मुख्यतः समोरच्या हवेतून, अश्रूंच्या पातळ थरात विरघळून. अ‍ॅक्रिलिक प्लास्टिकमधून ऑक्सिजन जवळपास जातच नाही. प्रत्येक वेळी पापणी मिटली की लेन्स थोडी हलते आणि तिच्या खाली ताजे अश्रू शिरतात, तेवढ्यावरच कॉर्नियाला भागवावे लागे. विख्तरले यांचे काम समजण्यासाठी एवढी पार्श्वभूमी पुरेशी आहे.

शेतीच्या अवजारांच्या कारखान्यातला मुलगा

ओटो विख्तरले यांचा जन्म २७ ऑक्टोबर १९१३ रोजी मोरेव्हिया प्रांतातील प्रोस्त्येयोव या गावी झाला. आज हे गाव चेक प्रजासत्ताकात आहे. वडील शेतीची अवजारे आणि यंत्रे बनवणाऱ्या कारखान्याचे भागीदार होते. त्यामुळे लोखंड, चाके आणि मोटारी मुलाच्या रोजच्या पाहण्यातल्या होत्या. लहानपणी एका अपघातात तो शेणामुताच्या टाक्यात पडून बुडता बुडता वाचला. पुढच्या काळात तो बराच आजारी राहिला आणि काही वर्षे घरीच शिकला.

त्याचा मूळ ओढा यंत्रांकडे होता, पण प्राग येथे त्याने रसायनशास्त्राचा अभ्यास निवडला आणि १९३६ साली पदवी पूर्ण केली. रसायनशास्त्राची निवड आणि यंत्रांची आवड या दोन्ही गोष्टी पुढे पंचवीस वर्षांनी एकत्र कामी आल्या.

बाटाच्या कारखान्यातील वर्षे

१९३९ साली जर्मनीने देश ताब्यात घेतला आणि त्याच वर्षीच्या नोव्हेंबरमध्ये नाझी सत्तेने चेक विद्यापीठे बंद केली. विख्तरले यांचे संशोधन थांबले. त्यांना आसरा मिळाला झ्लिन या गावातील बाटा कंपनीच्या प्रयोगशाळेत. आपल्याकडे खामगाव-मलकापूरच्या बाजारपेठेतही ज्या बाटाच्या चपला वर्षानुवर्षे विकल्या गेल्या, त्या कंपनीचे हे मूळ गाव.

तिथे त्यांनी प्लास्टिकवर काम केले. १९४१ साली त्यांच्या गटाने नायलॉनच्या जातीचा कृत्रिम धागा काढण्याची पद्धत शोधली. या धाग्याला पुढे सिलॉन असे नाव मिळाले. १९४२ मध्ये गेस्टापोने त्यांना अटक केली आणि काही महिने त्यांनी तुरुंगात काढले. युद्ध संपल्यावर ते प्रागला परतले, शिकवू लागले आणि त्यांनी रसायनशास्त्राची पाठ्यपुस्तकेही लिहिली. १९५२ मध्ये प्रागच्या नव्या रासायनिक तंत्रज्ञान संस्थेचे ते अधिष्ठाता झाले.

आगगाडीतले बोलणे

त्याच वर्षी आगगाडीच्या प्रवासात शेजारी बसलेला माणूस डोळ्यांच्या शस्त्रक्रियेत वापरायच्या धातूच्या रोपणाविषयी वाचत होता. विख्तरले यांना वाटले की शरीरात, विशेषतः डोळ्यात, ठेवायची वस्तू धातूची असू नये. शरीराच्या पेशी मऊ आणि ओलसर असतात, त्यामुळे त्यांच्या शेजारी ठेवायचा पदार्थही मऊ, पाणी धरून ठेवणारा आणि पेशींना न टोचणारा हवा. विषय कॉन्टॅक्ट लेन्सचा नव्हता, पण या एका विचारातून पुढचे सगळे घडले.

प्रागला परतल्यावर त्यांनी सहकारी द्राहोस्लाव लिम यांच्यासह असा पदार्थ शोधायला सुरुवात केली. लिम यांनी बनवलेला पदार्थ आज पॉली-हेमा या नावाने ओळखला जातो. हाही अ‍ॅक्रिलिक कुळातलाच, म्हणजे कडक लेन्सच्या प्लास्टिकचा चुलतभाऊ. फरक असा की तो पाणी पितो. कोरडा असताना तो काचेसारखा कडक असतो. पाण्यात टाकला की सुमारे ४० टक्के पाणी शोषून मऊ, लवचिक आणि तरीही पारदर्शक राहतो. मऊ लेन्स टेबलावर विसरली तर सकाळी पापडासारखी कडक झालेली सापडते, त्याचे कारण हेच.

१९६० साली विख्तरले आणि लिम यांनी या पदार्थाविषयीचा लेख 'नेचर' या विज्ञान नियतकालिकात प्रसिद्ध केला. शरीराच्या आत आणि शरीरावर वापरता येतील अशा जलधारी पदार्थांच्या संशोधनात तो आजही पायाभूत मानला जातो.

हातातून निसटलेली लेन्स

पदार्थ सापडला, तरी त्याची लेन्स होईना. १९५७ मध्ये विख्तरले यांनी बंद साच्यात सुमारे शंभर लेन्स ओतल्या. डोळ्याला त्या सुखद वाटत, पण साच्यातून काढताना कडा फाटत. फाटलेली किंवा खडबडीत कडा पापणीला आतून घासते आणि कॉर्नियावर ओरखडे काढते. मऊ पदार्थाचीही कडा गुळगुळीत नसेल तर ती लेन्स डोळ्यात घालण्याच्या लायकीची नसते.

याच सुमारास राजकारण आडवे आले. १९५८ मध्ये कम्युनिस्ट नेतृत्वाने केलेल्या साफसफाईत विख्तरले यांना रासायनिक तंत्रज्ञान संस्था सोडावी लागली. तिथले जेलचे संशोधन बंद पडले. पुढे विज्ञान अकादमीने बृहद्रेणूंच्या रसायनशास्त्रासाठी नवी संस्था स्थापली आणि तिचे संचालकपद त्यांना दिले, पण तिची इमारत अजून बांधली जात होती. जागा नव्हती, म्हणून त्यांनी प्रयोग घरी नेले.

स्वयंपाकघरातील यंत्र

बंद साचा नको, असे त्यांनी ठरवले. उघडा साचा गोल फिरवला तर? ग्लासात चहा जोरात ढवळला की मधोमध खळगा पडतो आणि कडेला चहा वर चढतो. साचा फिरत असताना त्यातल्या द्रवालाही तसाच वाटीचा आकार येतो. तो त्याच अवस्थेत घट्ट झाला की लेन्स तयार. समोरचा आकार साच्यामुळे ठरतो, आतला आकार फिरण्याच्या वेगामुळे. वेग बदलला की लेन्सचा नंबर बदलतो. आणि कडा कुठेही कापावी लागत नाही, त्यामुळे ती गुळगुळीत राहते.

१९६१ च्या डिसेंबरमध्ये त्यांनी हे यंत्र घरातल्या वस्तूंपासून जोडले. सांगाडा मर्कूर नावाच्या मुलांच्या खेळण्याच्या पट्ट्या आणि स्क्रूंचा होता. आपल्याकडच्या मेकॅनोसारखा तो संच. फिरवण्यासाठी मुलाच्या सायकलचा डायनामो आणि विजेसाठी दारावरच्या घंटीचा ट्रान्सफॉर्मर घेतला. साचे आणि थेंब सोडायच्या काचेच्या नळ्या त्यांनी स्वतः घडवल्या. नाताळच्या दिवशी दुपारी, पत्नी लिंडा यांच्या मदतीने, स्वयंपाकघरातल्या टेबलावर पहिल्या चार लेन्स निघाल्या. विख्तरले यांनी त्या स्वतःच्या डोळ्यांत घालून पाहिल्या. नंबर जुळत नव्हता, पण डोळ्याला टोचत नव्हत्या.

या प्रसंगात लेन्स निवडण्याचे अर्धे शास्त्र आहे. नंबर जुळणे आणि लेन्स डोळ्याला मानवणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. विख्तरले यांच्या पहिल्या लेन्सनी दुसरी गोष्ट साधली होती, पहिली नाही. आज दुकानात बरोबर उलटे घडते. नंबर अचूक असतो, पण लेन्स त्या डोळ्याच्या मापाची, त्या अश्रूंना आणि त्या माणसाच्या कामाला शोभणारी आहे का हे पाहिलेले नसते.

काही दिवसांतच त्यांनी पेटंटचा अर्ज केला. मग अधिक फिरक्यांची यंत्रे जोडली. डायनामोची ताकद पुरेना म्हणून ग्रामोफोनची मोटर काढून लावली. १९६२ च्या पहिल्या चार महिन्यांत पती-पत्नींनी मिळून घरीच ५,५०० लेन्स बनवल्या. प्रागच्या नेत्रचिकित्सालयात डॉ. ड्रायफस यांनी रुग्णांवर त्यांच्या चाचण्या घेतल्या.

शोध जगाचा, पैसा दुसऱ्यांचा

१९६५ मध्ये चेकोस्लोव्हाक विज्ञान अकादमीने पेटंटचे हक्क नॅशनल पेटंट डेव्हलपमेंट कॉर्पोरेशन या अमेरिकी कंपनीला विकले. व्यवहार विख्तरले यांना न विचारता झाला. या कंपनीकडून परवाना बॉश अँड लॉम्बकडे गेला आणि १९७१ मध्ये अमेरिकी औषध प्रशासनाच्या मंजुरीनंतर पहिली मऊ लेन्स तिथल्या बाजारात आली. पुढे जगभर कोट्यवधी लोकांनी मऊ लेन्स वापरल्या. शोध लावणाऱ्याच्या वाट्याला त्यातील अगदी नगण्य रक्कम आली.

१९६८ मध्ये देशात मोकळीक मागणाऱ्या 'दोन हजार शब्द' या जाहीरनाम्यावर त्यांनी सही केली. त्याची किंमत म्हणून १९७० मध्ये त्यांचे संचालकपद गेले. काम करण्याची मुभा आक्रसली, तरी ते काम करत राहिले. १९८९ मध्ये राजवट बदलली आणि १९९० मध्ये ते त्याच विज्ञान अकादमीचे अध्यक्ष झाले. १९९३ मध्ये एका लघुग्रहाला त्यांचे नाव देण्यात आले. १८ ऑगस्ट १९९८ रोजी स्त्राझिस्को येथील घरी त्यांचे निधन झाले.

त्यांच्या लेन्सची मर्यादा

विख्तरले यांची लेन्स मऊ होती, पण तिच्यातून ऑक्सिजन जातो तो तिच्यातील पाण्याच्या वाटेने. त्यामुळे तो बेताचाच पोहोचतो. दिवसा, उघड्या डोळ्यांनी, पातळ लेन्समधून तो अनेकांना पुरतो. झोपेत मात्र पापणी मिटलेली असते आणि आधीच कमी मिळणारा ऑक्सिजन आणखी कमी होतो. कॉर्निया सुजतो. वर्षानुवर्षे असे झाले तर ज्या कॉर्नियात रक्तवाहिन्या नसाव्यात, त्यात त्या कडेने शिरू लागतात.

१९८४ मध्ये ब्रायन होल्डन आणि जॉर्ज मर्ट्झ यांनी याचे मोजमाप मांडले. लेन्समधून किती ऑक्सिजन जातो याचा जो आकडा असतो, तो दिवसभराच्या वापरासाठी निदान २४ आणि रात्रीच्या वापरासाठी निदान ८७ असावा, असा त्यांचा निष्कर्ष होता. १९९८-९९ च्या सुमारास, म्हणजे विख्तरले गेले त्याच काळात, सिलिकॉन हायड्रोजेल लेन्स बाजारात आल्या. सिलिकॉनमधून ऑक्सिजन सहज जातो, म्हणून यातील अनेक लेन्सचा आकडा १०० च्या पुढे आहे. तरीही लेन्स घालून झोपल्याने जंतुसंसर्गाचा धोका वाढतो. ऑक्सिजनचा प्रश्न सुटला म्हणून जंतूंचा सुटत नाही. लेन्स कोणतीही असो, झोपण्यापूर्वी ती काढावी.

आता आपल्या डोळ्यांसाठी लेन्स कशी निवडायची?

विख्तरले यांनी स्वतःला जे प्रश्न विचारले तेच इथे विचारायचे: डोळ्याला आकार कोणता हवा, पाणी किती हवे, ऑक्सिजन किती पोहोचतो आणि कडा कशी बसते? याची उत्तरे तपासणीतून मिळतात.

१. आकार. कॉर्नियाचा गोलवा यंत्राने मोजतात. लेन्सच्या आतल्या बाजूचा गोलवा त्याला जुळावा लागतो. लेन्स घट्ट बसली तर तिच्या खाली अश्रू फिरत नाहीत. सैल बसली तर ती सरकते आणि टोचते. म्हणून चाचणीची लेन्स डोळ्यात घालून २० ते ३० मिनिटांनी ती पापणी मिटताना किती हलते हे सूक्ष्मदर्शकाखाली पाहतात. ही पायरी टाळून लेन्स घेऊ नये.

२. नंबर. चष्म्याचा नंबर जसाच्या तसा लेन्सला चालत नाही. चष्मा डोळ्यापासून साधारण १२ मिलिमीटर दूर असतो, लेन्स डोळ्यावरच असते. चष्म्याचा नंबर उणे १० असेल तर लेन्सचा साधारण उणे ९ येतो. ४ च्या आतल्या नंबरात हा फरक फारसा जाणवत नाही. तिरपा म्हणजे सिलिंड्रिकल नंबर असेल तर टोरिक लेन्स लागते. चाळिशीनंतर जवळचे वाचायलाही नंबर लागत असेल तर मल्टिफोकल लेन्स मिळते.

३. अश्रू. मऊ लेन्सला पाणी लागते आणि ती ते अश्रूंकडून घेते. ज्यांचे डोळे आधीच कोरडे आहेत त्यांना जास्त पाण्याची लेन्स अधिक चांगली वाटेल असा समज आहे. अनेकदा उलट होते. जास्त पाणी असलेली लेन्स सुकताना जास्त पाणी मागते. अशा वेळी कमी पाण्याची सिलिकॉन हायड्रोजेल लेन्स किंवा रोज नवी वापरायची लेन्स करून पाहतात, आणि आधी कोरडेपणावर उपचार करतात.

४. कॉर्नियाचा आजार. काही तरुणांच्या कॉर्नियाला शंकूसारखा आकार येतो. चष्म्याचा नंबर वारंवार बदलतो आणि तरी स्पष्ट दिसत नाही. ज्या मुलांना डोळ्यांची अ‍ॅलर्जी आहे आणि जी डोळे सतत चोळतात, त्यांच्यात हा आजार अधिक दिसतो. इथे मऊ लेन्स बहुधा पुरत नाही. ऑक्सिजन जाऊ देणारी कडक लेन्स किंवा डोळ्याच्या पांढऱ्या भागावर टेकणारी मोठी स्क्लेरल लेन्स लागते. फिक यांची जुनी काचेची कल्पना इथे नव्या पदार्थात परत आली आहे.

५. बदलण्याचा काळ. रोजची, पंधरा दिवसांची, महिन्याची आणि वर्षाची अशा लेन्स मिळतात. वर्षाची लेन्स स्वस्त वाटते, पण तिच्यावर प्रथिनांचा थर साचतो आणि तिची निगा रोज काटेकोर ठेवावी लागते. लग्नसमारंभापुरती किंवा खेळापुरती लेन्स वापरणाऱ्यांना आणि अ‍ॅलर्जी असणाऱ्यांना रोज टाकून द्यायची लेन्स सर्वांत सुरक्षित. महिन्याची लेन्स उघडल्यापासून महिन्यानेच टाकायची, मग ती चार दिवसच घातलेली असली तरी.

बुलढाणा जिल्ह्यात लेन्स वापरताना

लेन्सच्या पाकिटावरील सूचनांमध्ये आपल्याकडचा फुफाटा लिहिलेला नसतो. तो आपण लक्षात घ्यायचा.

सोयाबीनची सोंगणी आणि मळणी, तुरीचा थ्रेशर, कपाशीचे जिनिंग, फवारणी, या कामांच्या वेळी लेन्स घालू नये. कुसळ किंवा काडी डोळ्याला लागून होणारी बुरशीची जखम शेतीच्या भागात नेहमी दिसते. तिचा उपचार महिनोन्महिने चालतो आणि बुबुळावर पांढरा डाग राहू शकतो. लेन्स असेल तर कण तिच्याखाली अडकतो, आणि फवारणीचे औषध मऊ लेन्स पाण्यासारखेच शोषून घेते. अशा कामाला चष्मा किंवा संरक्षक गॉगल बरा. शेत करणाऱ्या माणसालाही लेन्स चालते, पण कामाच्या दिवशी नाही.

पाण्याबाबत मोठा गैरसमज आहे. शेगाव, संग्रामपूर, जळगाव जामोद, नांदुरा या खारपाणपट्ट्यातील तालुक्यांत लोकांना बोअरचे पाणी खारट म्हणून नको असते आणि आरओच्या कॅनचे पाणी शुद्ध वाटते. लेन्ससाठी दोन्ही चालत नाहीत. नळाचे, बोअरचे, आरओचे, उकळून गार केलेले, कोणतेही पाणी लेन्सला किंवा तिच्या डबीला लागू देऊ नये. पाण्यात अकांथअमीबा नावाचा सूक्ष्मजीव असू शकतो. लेन्सच्या आडोशाने तो कॉर्नियात शिरला तर असह्य वेदना होतात आणि उपचार फार लांबतात. शिवाय साध्या पाण्यात मऊ लेन्स फुगते आणि डोळ्याला चिकटून बसते. लेन्स फक्त तिच्यासाठी बनवलेल्या द्रावणातच धुवावी आणि ठेवावी. अंघोळीला, विहिरीवर किंवा तलावात पोहताना लेन्स काढावी. घरी मीठ घालून बनवलेले पाणी आणि थुंकी यांचा तर विचारही नको.

उन्हाळ्यात आपल्याकडे पारा ४० अंशांच्या वर जातो आणि हवा कोरडी असते. एसटीच्या खिडकीतला वारा, दुचाकीवरचा वारा आणि कूलरचा थेट झोत लेन्स सुकवतात. दुचाकीवर हेल्मेटची काच खाली ठेवावी. द्रावणाची बाटली गाडीच्या डिक्कीत ठेवू नये. डॉक्टरांनी सुचवलेले, लेन्सवर चालणारे कृत्रिम अश्रूंचे थेंब जवळ ठेवावेत.

लग्नसराईतल्या रंगीत लेन्सबद्दल वेगळे सांगणे भाग आहे. एप्रिल-मे महिन्यांत नवरीच्या मेकअपबरोबर रंगीत लेन्स दिली जाते. ती बिननंबरची असते, म्हणून तपासणी नको असे वाटते. डोळ्याला मात्र नंबर कळत नाही, आकार आणि ऑक्सिजन कळतो. एकीच्या डोळ्यातली लेन्स दुसरीच्या डोळ्यात घातली की जंतूही सोबत जातात. हौस असेल तर लग्नाच्या निदान दोन आठवडे आधी डोळे तपासून, स्वतःच्या मापाची रोजची रंगीत लेन्स घ्यावी आणि घालायला-काढायला स्वतः शिकावे.

दवाखान्यातून काय घेऊन निघावे?

चिठ्ठीवर दोन्ही डोळ्यांचा नंबर, लेन्सचा गोलवा, व्यास, लेन्सचे नाव आणि बदलण्याचा काळ लिहिलेला असावा. पुढे ऑनलाइन मागवली तरी तीच मागवता येते. लेन्स स्वतःच्या हाताने घालता आणि काढता येईपर्यंत घरी जाऊ नये. पहिल्या आठवड्यात रोज थोडा थोडा वेळ वाढवावा आणि नंतर पुन्हा दाखवावे. चष्मा कायम जवळ ठेवावा, कारण डोळे आले, सर्दी-ताप आला किंवा डोळा लाल झाला की लेन्स बंद.

साबणाने हात धुऊन कोरड्या स्वच्छ फडक्याला पुसल्याशिवाय लेन्सला हात लावू नये. डबीतले द्रावण रोज नवे घ्यावे, जुन्यात भर घालू नये. डबी तीन महिन्यांच्या आत बदलावी.

लगेच डॉक्टरांकडे केव्हा जावे?

डोळा लाल होणे, दुखणे, उजेड सहन न होणे, अंधूक दिसणे, पाणी किंवा पू येणे, यांपैकी काहीही झाले तर लेन्स काढावी आणि परत घालू नये. लेन्स आणि डबी टाकून न देता सोबत न्यावी, त्यावरून जंतू शोधता येतो. त्याच दिवशी नेत्रतज्ज्ञांना दाखवावे. तालुक्याला सोय नसेल तर बुलढाण्याच्या जिल्हा सामान्य रुग्णालयात किंवा जवळच्या नेत्ररुग्णालयात जावे. औषधाच्या दुकानातून स्वतःच्या मनाने थेंब घेऊ नयेत. स्टिरॉइड असलेल्या थेंबांनी लाली एका दिवसात उतरते, पण आत बुरशी वाढत राहते आणि डोळा हातचा जाऊ शकतो.

विख्तरले यांनी लेन्सचा पदार्थ डोळ्याच्या स्वभावाप्रमाणे शोधला, आणि कडा गुळगुळीत होईपर्यंत ती लेन्स पूर्ण झाली असे मानले नाही. आपणही लेन्स घेताना तीच अट ठेवावी. चाचणीची लेन्स अर्धा तास डोळ्यात ठेवून, डॉक्टरांनी तपासून, आपल्याला ती जाणवेनाशी झाली तरच ती घ्यावी. तपासणीअंती लेन्स आपल्याला मानवत नाही असे ठरले, तर चष्मा वापरण्यात काहीच कमीपणा नाही.